आपल्या नाकाजवळची हवा : घर, गल्ली आणि शेत इथला धूर कमी कसा करायचा

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की हवेच्या आकड्यांच्या बातम्या सुरू होतात. मुंबई किती, पुणे किती, चंद्रपूर किती. आकडा वाचून माणूस धास्तावतो, हे काम सरकारचं आणि कारखानदारांचं असं मनाशी म्हणत पान उलटतो. त्याच रात्री झोपायच्या खोलीत दारं-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटते. शहराच्या हवेबद्दल जेवढं बोललं जातं, त्याच्या दहावा हिस्साही या खोलीतल्या हवेबद्दल बोललं जात नाही. मला हे फार खटकतं, कारण आपल्या हातात सगळ्यात जास्त असते ती याच खोलीतली हवा.

मोठा माणूस दिवसाला साधारण दहा-अकरा हजार लिटर हवा आत घेतो. त्यातली बहुतेक चार भिंतींच्या आतली असते. किर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो, याची मोजणी केली होती. पुढे त्यांनी एक ढोबळ नियम मांडला : घरात सोडलेला धूर कुणाच्या तरी छातीत जाण्याची शक्यता बाहेर सोडलेल्या तेवढ्याच धुरापेक्षा सुमारे हजारपट असते. बाहेरचा धूर वाऱ्यावर पांगतो, घरातला घरच्यांच्याच वाट्याला येतो.

म्हणून या लेखातला क्रम असा आहे : आधी नाकाजवळ जे जळतं ते बंद करायचं किंवा त्याचा धूर बाहेर काढायचा, मग धूळ आणि ओल, मग बाहेरच्या हवेपासून बचाव, मग गल्ली आणि शिवार. महागडी यंत्रं बचावाच्या भागातच येतील, पण ती घ्यायची सगळ्यात शेवटी.

आधी आठवडाभर नोंद

एक वही घ्या. घरात काय काय पेटतं, किती वाजता, किती वेळ आणि तेव्हा त्या खोलीत कोण असतं, एवढंच लिहायचं. गॅस, चूल, पाणी तापवायचा बंब, देवापुढची उदबत्ती, धूप, कॉइल, घरात कुणी ओढत असेल तर विडी-सिगारेट. दुसऱ्या पानावर बाहेरचं : शेजारच्या प्लॉटवरचं बांधकाम, सकाळी पेटणारा पालापाचोळा, बेकरीची भट्टी, रस्त्यावरची गर्दीची वेळ. तिसऱ्या पानावर घरच्यांच्या तक्रारी : कुणाला पहाटे खोकला येतो, कुणाचे डोळे चुरचुरतात, मुलाचं नाक कधी चोंदतं.

आठवड्यानंतर ही तीन पानं शेजारी ठेवून वाचा. खोकल्याची वेळ आणि कशाच्या तरी धुराची वेळ जुळताना दिसते. जिथे ती जुळते तिथून कामाला लागायचं.

आकडा कसा वाचायचा

आपल्याकडे हवेचा निर्देशांक शून्य ते पाचशे असा मोजतात. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर. निर्देशांकात आठ प्रदूषकं धरलेली आहेत. त्यांपैकी त्या जागी मोजलेल्या प्रदूषकांतलं जे सगळ्यात वाईट, त्याचाच आकडा जाहीर होतो. आपल्याकडे हिवाळ्यात तो बहुतेक वेळा सूक्ष्म धुळीचा असतो : पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) किंवा पीएम २.५. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. नाकातले केस आणि घशातला कफ यांना ते अडत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांतले अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. म्हणूनच खराब हवेने दमा आणि खोकल्याबरोबर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि कमी वजनाची बाळं यांचंही प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेतल्या प्रदूषणाला कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्याच पंगतीत.

आकडा वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, ‘समाधानकारक’ या शब्दावर विसंबू नका. पीएम २.५ चं चोवीस तासांचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर आपला निर्देशांक १०० म्हणजे ‘समाधानकारक’ दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ आहे. म्हणजे आपण ज्याला समाधानकारक म्हणतो ते त्यांच्या मर्यादेच्या चौपट.

दुसरी, मोबाइलवरची बरीच ॲप्स अमेरिकी मोजपट्टी वापरतात. तीच ६० मायक्रोग्रॅमची हवा तिथे दीडशेच्या पुढे दिसते. शेजाऱ्याच्या फोनवर दीडशे आणि आपल्या फोनवर शंभर दिसलं, तर दोन्ही बरोबर असू शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप भारतीय मोजपट्टीने दाखवतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही सेवा मुंबई-पुण्याचा पुढच्या दिवसांचा अंदाजही देते. कुठलंही एक धरा आणि त्याच्यावरच तुलना करा.

तिसरी, अधिकृत निर्देशांकात धुळीची सरासरी चोवीस तासांची असते. सकाळी सात वाजता तुमच्या नाक्यावर जी दाट हवा आहे, ती त्या सरासरीत पातळ होऊन दिसते.

स्वयंपाकघर

गॅस आहे म्हणजे धूर नाही, असं आपण समजतो. मिरचीची फोडणी दिली की बाहेरच्या खोलीतला माणूस ठसकतो, त्यावरून काय ते समजून घ्यावं. कढत तेलाची वाफ, करपलेला मसाला, तव्यावर जळणारं कोरडं पीठ हे सगळे बारीक कणच असतात. शिवाय गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तो दम्याच्या मुलांना त्रास देतो.

एक्झॉस्ट पंखा असेल तर तो खरंच हवा ओढतो का, हे आधी तपासा. वर्तमानपत्राचा एक कागद पंख्याच्या जाळीला लावून हात सोडा. कागद चिकटून राहिला तर पंखा ठीक आहे, गळून पडला तर पाती आणि जाळी तेलाने बरबटलेली असणार, ती सोड्याच्या गरम पाण्यात घासून काढा. दुसरी परीक्षा उदबत्तीची. पंखा चालू करून पेटती उदबत्ती शेगडीच्या वर धरा. धुराची रेघ सरळ पंख्याकडे गेली पाहिजे. ती वर जाऊन छताला लागून खोलीत पसरत असेल, तर पंख्याला बाहेरून हवा मिळत नाही. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडा आणि परत पाहा, रेघेची दिशा तिथल्या तिथे बदलते. हवा आत आल्याशिवाय बाहेर जात नाही, एवढी साधी गोष्ट नव्या बंदिस्त फ्लॅटांत विसरली जाते.

पंखा फोडणीच्या आधी लावायचा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. चिमणी घेणार असाल तर धूर पाइपाने बाहेर सोडणारी घ्या. पाइप नसलेली चिमणी हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडते, तेल थोडं अडवते, वायू अडवत नाही. मागचे बर्नर चिमणीच्या थेट खाली येतात, तळणाचं काम तिथे करावं.

चूल असेल तर गोष्ट फार गंभीर आहे आणि तिथे मला चुलीवरच्या भाकरीचं कौतुक करवत नाही. हॉटेलात सहा महिन्यांतून एकदा ती खाणारा वेगळा आणि रोज तिच्यापुढे दोन-तीन तास डोळे पुसत बसणारी बाई वेगळी. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की आयुष्यात कधी विडी न ओढलेल्यांनाही श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार, म्हणजे सीओपीडी, मोठ्या प्रमाणात होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे मोठं कारण आहे.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरोघर पोहोचले. पण भरलेलं सिलिंडर परवडत नाही म्हणून ते कोपऱ्यात ठेवून चूल पेटवणारी घरं अजून आहेत. अशा घरासाठी व्यवहारी वाट अशी :

- सगळं एकदम गॅसवर न्यायचा हट्ट नको. चहा, दूध, भाजी गॅसवर घ्या. आंघोळीचं पाणी सगळ्यात जास्त लाकूड खातं, त्याची चूल घराबाहेर, परड्यात मांडा.
- लाकूड पावसाळ्याआधी फोडून, रचून, झाकून ठेवा. ओलं लाकूड कोरड्याच्या कितीतरी पट धूर करतं. मनगटाएवढ्या ढलप्या करा, ओंडका घालू नका.
- पेटवायला प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा, रबरी चप्पल कधीही नको. त्याचा धूर साध्या धुरापेक्षा फार विषारी असतो.
- चुलीला धुराडं बांधा. ते जमत नसेल तर चुलीच्या वरची दोन कौलं उचलून धुराला वाट करा.
- गरोदर बाई आणि तान्हं मूल चुलीच्या खोलीत थांबू देऊ नका.

दोन-चार गुरं दारात असतील तर गोबरगॅसचा जरूर विचार करा. शेणाचा धूरही वाचतो आणि मळी शेतात जाते.

घरात पेटणाऱ्या इतर गोष्टी

डासांच्या कॉइलवर २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक कॉइल पूर्ण जळाली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे पीएम २.५ कण निघतात, असं त्यात आढळलं. बंद खोलीत रात्रभर हे चालतं आणि पाळण्यातलं बाळही तेच ओढतं. त्यावर उपाय आपल्या आजीच्या काळापासून घरात आहे : मच्छरदाणी. खिडक्यांना जाळी, पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करणं, पंखा आणि मच्छरदाणी एवढ्यावर भागतं. बिनधुराची म्हणून विकली जाणारी कॉइल धूर कमी दाखवते, पण तिच्यातून इतर वायू निघतातच.

उदबत्ती आणि धूप हा श्रद्धेचा विषय आहे आणि तो श्रद्धेनेच सोडवता येतो. देवापुढे समई किंवा तुपाचं निरांजन लावा, फुलं वाहा, उदबत्ती लावायचीच तर एक, खिडकी उघडी ठेवून. लहान देवघर झोपायच्या खोलीत असेल तर एवढ्यानेही फरक पडतो.

बाळ-बाळंतिणीच्या धुरीबद्दल मात्र मी स्पष्ट सांगेन. ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून तान्ह्या बाळाला धुरी द्यायची चाल अजून घरोघर आहे. ज्या आज्या हे करतात त्या मायेनेच करतात. पण नवजात बाळाची फुप्फुसं अजून वाढत असतात, बाळ वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं आणि त्याला तोंड फिरवून उठून जाता येत नाही. ऊब हवी तर टोपडं, दुपटं आणि आईची कूस आहे. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी बाळंतिणीच्या कंबरेला ठेवा. आजीला हे डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या तोंडून कळलं तर ती लवकर ऐकते, हा अनुभव अनेक घरांचा आहे.

दिवाळीतल्या फटाक्यांचंही एक सांगायला हवं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांची मोजणी केली, तेव्हा सगळ्यात जास्त सूक्ष्म कण सोडणारा निघाला तो साप, म्हणजे नागगोळी. आवाज नाही म्हणून आपण ती सगळ्यात लहान पोरांच्या हातात देतो आणि पोरं तिच्यावर ओणवी होऊन बघतात. फुलबाज्यांचा धूरही असाच तोंडाजवळ असतो.

न दिसणारा, वास नसलेला वायू

हा भाग घाईत वाचू नका. थंडीत दरवर्षी गॅस गीझरमुळे आंघोळ करताना माणसं दगावतात. बंद न्हाणीघरात गीझर चालला की प्राणवायू कमी होतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि ओरडायची ताकद राहत नाही.

गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत बसवून घ्या. तो हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, मग दार लावून आंघोळ करा. कोळशाची शेगडी रात्री खोलीत ठेवून झोपणं हाच धोका आहे, बाळंतिणीच्या खोलीत तर नकोच. गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवणंही तसंच. कुणी पडलेलं आढळलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, माणसाला ओढून मोकळ्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. स्वतः आत थांबून धीर देत बसू नका.

धूळ, ओल आणि कबुतरं

कोरड्या केरसुणीने झाडलं की खाली बसलेली बारीक धूळ तासभर तरंगत राहते. आधी ओलं फडकं, मग गरजेपुरता झाडू. झाडताना दमेकरी माणसाला दुसऱ्या खोलीत पाठवा. पांघरुणं उन्हात टाका, गाद्या उलटा, पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटामागे काळी-हिरवी बुरशी धरते. तिच्यावर रंग मारून काही होत नाही. गळती बाहेरून बंद करावी लागते, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं लागतं आणि ओले कपडे खोलीत वाळत घालणं टाळावं लागतं. बुरशीचे कण श्वासात गेले की दम्याची उबळ येते. पावसाळ्यात वाढलेल्या दम्याला आपण ‘हवा बदलली’ म्हणतो, त्यात या भिंतीचा वाटा असतो.

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली, तर काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि ती हळूहळू कायमची कडक होतात. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून एवढा वाद झाला, त्यामागे हीच काळजी होती. बाल्कनीला आणि एसीच्या बाहेरच्या युनिटवर जाळी लावा. साचलेली घाण कधीही कोरडी खरवडू नका. नाकाला चांगला मास्क लावून साबणाचं पाणी शिंपडा, भिजू द्या, मग ओलीच काढून पिशवीत बांधा. सहा-आठ महिने कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप अशी तक्रार असेल, तर डॉक्टरांना कबुतरांबद्दल आवर्जून सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

खिडकी कधी उघडायची

हिवाळ्यात रात्री जमीन गार होते आणि तिच्यालगतची थंड, जड हवा वरच्या उबदार हवेखाली झाकण घातल्यासारखी अडकते. धूर आणि धूळ वर जाऊ शकत नाहीत. पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात हे जास्तच होतं. मुंबईत समुद्रावरचे वारे दिवसा हवा धुऊन नेतात, पण थंडीत तेही उशिरा आणि मंद येतात. सूर्य वर आला, जमीन तापली की झाकण उठतं. म्हणून हिवाळ्यात पहाटे-सकाळी आणि रात्री हवा सगळ्यात वाईट, तर दुपारी एक ते चार-पाच बरी असते.

त्यावरून वेळापत्रक बसवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रस्त्याकडच्या खिडक्या सकाळी लावलेल्या ठेवा, दुपारी सगळं घर उघडा. सकाळचं फिरणं थोडं उशिरा, ऊन आल्यावर किंवा संध्याकाळी लवकर करा आणि मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीतून जा. मोठ्या रस्त्यापासून शंभर-दीडशे मीटर आत गेलं तरी वाहनांचा धूर बराच कमी होतो. धुक्यासारखं दिसतंय, छान थंड आहे म्हणून पहाटे पाचला धावायला जाणारे खोल श्वास घेऊन नेमकी सगळ्यात वाईट हवा आत ओढतात.

उन्हाळ्यात गणित थोडं फिरतं. कडक उन्हात वाहनांच्या धुरातले वायू मिळून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि दुपारी तो वाढतो. त्या दिवसांत व्यायाम सकाळीच बरा.

मास्क आणि यंत्र

रुमाल, ओढणी, कापडी मास्क या कणांना अडवत नाहीत. एन-९५ मास्क अडवतो, पण तो चेहऱ्याला चहूबाजूंनी चिकटला तरच. नाकावरची पट्टी दाबून बसवा, दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा. कडेने हवा निसटली तर मास्क बसलेला नाही. दाढीवर तो बसत नाही. मळला, ढिला झाला किंवा त्यातून श्वास घेणं जड वाटू लागलं की बदला. वायू मात्र तो अडवत नाही. ट्रॅफिक पोलीस, रिक्षावाले, दुचाकीवर रोज तासभर जाणारे, झाडूकाम करणारे आणि बांधकामावरचे मजूर यांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. तुमच्याकडे सफाईला कुणी येत असेल तर त्यांना मास्क तुम्हीच आणून द्या.

हवा शुद्ध करणारं यंत्र घरात दम्याचा रुग्ण, लहान बाळ किंवा हृदयविकाराचं माणूस असेल आणि वरचं सगळं करून झालं असेल, तरच घ्या. बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर असलेलंच पाहा. खोलीचं माप काढा : १० बाय १२ फूट, उंची १० फूट म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा ही हवा गाळली जायला हवी, म्हणजे यंत्राची ताकद ताशी १७० घनमीटर तरी हवी. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. फिल्टरची किंमत आणि तो किती महिन्यांनी बदलायचा, हे खरेदीआधी विचारा. ओझोन सोडून हवा ताजी करणारी यंत्रं घेऊ नका, ओझोन फुप्फुसाला बाधक असतो. मनी प्लँट, कोरफड, स्नेक प्लँट जरूर लावा, घर प्रसन्न दिसतं. हवा शुद्ध करण्याची भिस्त त्यांच्यावर ठेवू नका, खऱ्या खोलीत फरक पडायला कुंड्यांचं जंगल लागेल.

छातीची काळजी

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर प्रदूषणाला दोष देत बसू नका, आधी थुंकीची क्षयरोग तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. चाळिशीपुढच्या ज्या बाईने आयुष्यभर चूल फुंकली आहे आणि जिला चढावर धाप लागते, तिची स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोरात फुंकायची साधी तपासणी आहे. ‘वयानुसार होतं’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी बायकांचा आजार तिथे सापडतो.

इन्हेलरची सवय लागते, हा समज मुलांचं फार नुकसान करतो. इन्हेलरमधलं औषध अगदी थोड्या मात्रेत थेट श्वासनलिकेत जातं, गोळीसारखं सगळ्या अंगभर फिरत नाही. लहान मुलांना तो स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, लावून द्यावा. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेलं औषध बरं वाटलं म्हणून दिवाळीच्या तोंडावर बंद करू नये, नेमकी तेव्हाच हवा बिघडते. बोलताना वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर झाले किंवा मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, तर घरगुती उपाय सोडून तडक रुग्णालय गाठा.

सोसायटी आणि गल्ली

थंडीत रात्री गेटपाशी वॉचमन शेकोटी पेटवतो. त्यात पुठ्ठा असतो, थर्माकोल असतो, दुधाच्या पिशव्या असतात. धूर त्याच्या तोंडावर आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर जातो. त्याला दटावणं अन्यायाचं आहे, कारण थंडी त्याला वाजते आहे. सोसायटीने त्याला ब्लँकेट, कानटोपी आणि केबिनमध्ये छोटा हीटर द्यावा. चाळीस घरांत वाटला तर हा खर्च जाणवतही नाही. झाडलेल्या पालापाचोळ्यासाठी आवारात जाळीचा एक पिंप किंवा खड्डा करा, ओलावा ठेवला की काही महिन्यांत खत होतं.

उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी आहे. अलमित्रा पटेल यांच्या खटल्यात राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. तक्रार करताना फोटोत धुराबरोबर जागेची खूण येऊ द्या, तारीख-वेळ लिहा, किती दिवस चाललंय ते लिहा. मुंबईत १९१६ या फोन क्रमांकावर, इतर शहरांत महापालिकेच्या ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. कारखाना, खडी क्रशर, काँक्रीट प्लँट यांच्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं विभागीय कार्यालय आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याखाली काम बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देण्याचे अधिकार त्याच्याकडे आहेत. एकट्याच्या अर्जापेक्षा वीस सह्यांचा अर्ज वजनदार ठरतो.

शेजारी इमारत उठत असेल तर नियम माहीत असू द्या. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या नियमांनुसार बांधकामाभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड, राडारोड्यावर पाणी आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं बंधनकारक आहे. यांतलं काय होत नाही ते नेमकं लिहा. ‘खूप धूळ येते’ एवढ्या ओळीवर अधिकाऱ्याला काही करता येत नाही, ‘पूर्वेच्या बाजूला पत्रे नाहीत, ट्रक चाकं न धुता बाहेर येतात’ यावर करता येतं.

उसाचा फड

पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात उसाची तोड झाली की फडात उरलेली वाळकी पानं, म्हणजे पाचट, पेटतं. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघतं. ते जळताना निघणारी काजळी मैलोन्‌मैल जाते आणि हवेत असताना ऊन शोषून तिला तापवते. जमिनीवरच्या थरातले जिवाणू आणि गांडुळं भाजून निघतात. त्याच धुरातल्या वायूंपासून पुढे उन्हात ओझोन बनतो. तो गव्हासारख्या पिकाच्या पानांत शिरून उतारा घटवतो, म्हणजे नुकसान शेजारच्या वावरातही होतं.

खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, पाचट ठेवायची रीत अशी : तोड झाल्यावर पाचट सऱ्यांत पसरून दाबा, कुट्टी यंत्र मिळालं तर बारीक करा. बुडखे उघडे राहिले पाहिजेत, ते जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटा, नाहीतर फुटवे वरून आणि कमजोर येतात. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून पसरा आणि पाणी द्या. तीन-चार महिन्यांत ते कुजायला लागतं. तोवर सरीत तण उगवत नाही आणि ओल टिकल्यामुळे पाण्याच्या एक-दोन पाळ्या वाचतात. पहिल्या वर्षी फड अस्ताव्यस्त दिसतो, उंदरांची भीती वाटते, शेजारी नावं ठेवतात. म्हणून आधी एखाद्या एकरावर करून पाहावं.

फड पेटवण्याचा निर्णय बऱ्याचदा शेतकऱ्याचा नसतोही. पानांनी हात कापतात, साप-विंचवाचं भय असतं, म्हणून तोडणाऱ्यांची टोळी उभा ऊसच पेटवून मग तोडते आणि जळिताची कपात शेतकऱ्याच्या बिलातून होते. त्यामुळे मुकादमाशी बोलणं टोळी फडात उतरायच्या आधीच व्हायला हवं : फड पेटवायचा नाही, तोडणाऱ्यांना हातमोजे आणि पायांत बूट आपण देऊ आणि पाचट जागेवरच राहील.